शिकविण्याआधीची शाळा

गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर कोरेगावजवळच्या एका लहानशा वाडीत झाले. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान आणि संध्याकाळी मुलांचा वर्ग असा रोजचा कार्यक्रम होता. मी बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाला इंग्रजी हा विशेष विषय घेतलेली. तेव्हा मुलांना इंग्रजी शिकविण्याचे काम साहजिकच माझ्या वाट्याला आले. इंग्रजी शिकवायचे तर वर्गात इंग्रजीच बोलले पाहिजे, मराठीचा एक शब्दही तोंडातून जाता कामा नये, असे मी कुठेतरी वाचले होते. ते व्रत मी कडकडीत पाळले. मुलांना वाक्य कळले नाही असे दिसले की तेच वाक्य अधिक हळू आणि अधिक मोठ्याने म्हणायचे, याखेरीज दुसरे काही मला सुचत नव्हते.

तिसऱ्या संध्याकाळी चौथीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्यावर रागावलाय का?"

मी चपापले. "नाही रे," असे मराठीतच माझ्या तोंडून गेले.

"मग आमच्याशी बोला की!"

सगळी मुले हसली. मीही हसले, पण त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही.

शिबिर संपवून घरी आल्यावर ही हकिगत मी दादाला सांगितली. माझा दादा दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झाला आणि त्याने शाळेला रामराम ठोकला. आज तो टेंपोवर आहे. हंगामात घेवडा, कांदा बाजारात पोचवतो. हिशेबात त्याचा हात धरणारा आमच्या गल्लीत कोणी नाही. तो हसेल असे मला वाटले होते. तो हसला नाही. म्हणाला, "त्या पोरानं विचारलं तरी. मला आठवीपासून तसंच वाटायचं. इंग्रजीच्या तासाला कुणीतरी आपल्यावर रागावलंय, आणि कशापायी ते काही कळत नाही."

पुढच्या वर्षी बी. एड. करून शिक्षिका व्हायचे असे माझे पक्के ठरले होते. दादाच्या त्या वाक्याने ते डळमळले. ज्या मुलांची भाषा आपल्याच घरची, त्यांना आपण सात दिवसांत काही देऊ शकलो नाही. मग सात समुद्र ओलांडून आलेले, इथला एक शब्दही न जाणणारे लोक आपल्या पणजोबा-खापरपणजोबांना इंग्रजी कसे शिकवीत असतील? ते येण्यापूर्वी काय शिकत होते आणि आल्यावर काय शिकले? या कुतूहलाने मी ग्रंथालयात बसू लागले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

परदेशात जाऊन शिकविण्याचे काम ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत नेटाने केले, तो वर्ग मिशनऱ्यांचा. त्यांच्या धर्मकार्याविषयी वाचकांची मते वेगवेगळी असणार आणि त्या प्रश्नाला मी पुढे बगल देणार नाही. परंतु आधी त्यांच्या तयारीकडे पाहू.

घरून घेतलेली शिदोरी

मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या जॉन विल्सन यांचे उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म १८०४ सालचा, स्कॉटलंडमधील लॉडर या गावचा. शेतकरी कुटुंबातील हा मुलगा चौदाव्या वर्षी एडिंबरो विद्यापीठात गेला. विद्यार्थिदशेतच त्यांनी मुलांना शिकविण्याचे काम केले. धर्मशास्त्राचा अभ्यास तर केलाच, पण परदेशी जायचे ठरल्यावर शरीरशास्त्र, शल्यक्रिया आणि वैद्यक यांच्याही वर्गांना ते जाऊन बसले. ज्या मुलखात जायचे तिथे डॉक्टर मिळेलच याची शाश्वती नव्हती. १८२८ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, त्याच वर्षी मार्गारेट बेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी हे दांपत्य आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजात बसले. १८२९ च्या फेब्रुवारीत ते मुंबईला उतरले. त्या वेळी विल्सन यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. म्हणजे आमच्या महाविद्यालयातून एम. ए. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांपेक्षा फार तर एखाद्या वर्षाने मोठे.

अमेरिकेतून येणाऱ्यांची तयारीही याच धर्तीची असे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईत आले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत पाठविण्याचाच घाट घातला होता. तो प्रसंग टळला आणि दोन वर्षांत त्यांनी शाळा काढली. या मिशनने पुढे अहमदनगर, सोलापूर आणि आपल्या साताऱ्यातही ठाणी वसविली. १८२७ साली सिंथिया फरार या बाई मुंबईला आल्या. अमेरिकेतून परदेशी पाठविण्यात आलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित मिशनरी स्त्रियांपैकी त्या एक. त्या धर्मोपदेशक नव्हत्या. तिकडे शाळेत शिकवून अनुभव घेतलेल्या शिक्षिका होत्या आणि शिक्षिका म्हणूनच त्यांना इकडे धाडण्यात आले. पुढे १८३७ साली मेरी लायन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये माउंट होल्योक ही मुलींची शिक्षणसंस्था काढली. तिच्यातून बाहेर पडलेल्या कित्येक तरुणी इराण, दक्षिण आफ्रिका आणि महाराष्ट्र येथे शिक्षिका म्हणून गेल्या. तेथील मुलींना रसायनशास्त्र आणि तर्कशास्त्र यांबरोबरच स्वयंपाक, धुणे आणि झाडलोटही करावी लागे. "कमवा आणि शिका" ही कल्पना ज्यांच्या रक्तात भिनली आहे, त्या आपल्या सातारा जिल्ह्याच्या वाचकांना यात काही नवल वाटू नये.

शिकवावे कसे, याचेही शास्त्र त्या काळात तिकडे आकार घेत होते. ग्लासगो येथे डेव्हिड स्टो यांनी १८३७ साली शिक्षकांसाठी अध्यापनशाळा उभारली. मुलांकडून नुसते पाठांतर करून न घेता त्यांना प्रश्न विचारावेत, परिचित वस्तूवरून अपरिचित गोष्टीकडे न्यावे, हा तेथील विचार होता. आज बी. एड. ला "ज्ञाताकडून अज्ञाताकडे" हे सूत्र आपण परीक्षेपुरते घोकतो. त्याची बीजे तेव्हाच रुजत होती.

हर्णैचा किनारा

परंतु या साऱ्या शिदोरीत एक वस्तू नव्हती. ती म्हणजे इथली भाषा. ती इथे येऊनच मिळवावी लागे. माझ्या मते खरी कहाणी येथून पुढे सुरू होते.

विल्सन दांपत्य मुंबईला उतरल्यावर लगेच शाळा काढायला धावले नाही. ते कोकणात गेले. बाणकोट-हर्णैच्या परिसरात स्कॉटिश मिशनचे लोक आधीपासून काम करीत होते. तिथे राहून दोघांनीही मराठी शिकायला प्रारंभ केला. साधारण सहा महिन्यांत विल्सन मराठीतून भाषण करू लागले असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. मार्गारेटबाईंनीही मराठी आत्मसात केली आणि मुंबईला परतल्यावर मुलींच्या शाळा काढल्या. विल्सन यांची इंग्रजी शाळा निघाली ती त्यानंतर, १८३२ साली. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: आधी मराठी, मग मराठीतून शाळा आणि शेवटी इंग्रजी. मी मात्र वाडीवर शेवटच्या पायरीवरूनच चढायला निघाले होते!

हे लोक मराठी शिकत कोणाकडून? पंडित, शास्त्री किंवा मुन्शी नेमून. सकाळी तीन-चार तास त्यांच्यापुढे बसायचे, अक्षर गिरवायचे, वाचून दाखवायचे आणि चुका ऐकून घ्यायच्या. संध्याकाळी बाजारात जाऊन शिकलेले वापरून पाहायचे. पुढच्या काळात बहुतेक मिशनांनी याला नियमाचे रूप दिले. नव्याने आलेल्या माणसाने पहिली एक-दोन वर्षे मुख्यतः भाषेचाच अभ्यास करायचा आणि भाषेची परीक्षा दिल्यावरच त्याच्याकडे पुरते काम सोपवायचे. विसाव्या शतकात महाबळेश्वरला उन्हाळ्यात अशा लोकांसाठी मराठीची भाषाशाळा भरत असे. आपण महाबळेश्वर म्हटले की स्ट्रॉबेरी आणि पॉइंट आठवतो. पण त्याच डोंगरावर कोणे एके काळी गोरी माणसे पाट्या-वह्या घेऊन "मी जातो, तू जातोस" म्हणत बसत, हे चित्र मला फार गोड वाटते.

या शिकण्यातून मराठीचाही लाभ झाला, हे मान्य केले पाहिजे. मोल्सवर्थ हे लष्करी अधिकारी; कँडी बंधूंच्या व पंडितांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. आजही मराठी शब्दाचा जुना अर्थ पाहायचा तर अभ्यासक तोच कोश उघडतात. मराठी लिखाणात विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. गणपतराव नवलकर यांनी इंग्रजीतून लिहिलेले मराठीचे व्याकरण १८६८ साली निघाले आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर पोसल्या. मात्र या कोशांच्या मुखपृष्ठांवर ज्यांची नावे झळकतात, त्यांना घरोघर जाऊन शब्द पुरविणारे, उच्चार सुधारणारे पंडित बहुधा पडद्याआडच राहिले. इंग्रजीच्या शिक्षकांचे शिक्षक मराठी होते, ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

मराठीची वळणे

आपली भाषा आपल्याला सोपी वाटते. बाहेरून येणाऱ्याला तिच्यात पावलोपावली ठेच लागते. "चार" आणि "चारा" या दोन शब्दांतला "च" वेगवेगळा उच्चारला जातो. लिहिताना मात्र अक्षर एकच. परक्या माणसाने ते ओळखावे कसे? "ळ" तर त्यांच्या जिभेला सापडतच नाही. खुर्ची ती, टेबल ते आणि पलंग तो. असे का, याचे उत्तर आपल्यापाशीही नाही. इंग्रज म्हणतो की तो भुकेला आहे. आपण म्हणतो "मला भूक लागली". जणू भूकच कर्ती आणि आपण तिच्या तावडीत सापडलेले!

सर्वांत मोठी गंमत "आम्ही" आणि "आपण" यांची. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. "आम्ही पापी आहोत" असे उपदेशकाने म्हटले तर ऐकणारे त्यातून सुटले. "आपण पापी आहोत" म्हटले तर सारेच सापडले. शिक्षकालाही हे लागू आहे. "आपण शिकू या" आणि "आम्ही तुम्हांला शिकवतो" यांत केवढे अंतर आहे! भाषा शिकता शिकता माणूस कुठे उभा राहतो, हेही ठरत जाते. आता मागे वळून पाहता माझ्या वर्गात मी पहिल्या दिवसापासून "आम्ही" होते आणि मुले "तुम्ही" होती, असे मला वाटते.

याहून पुढचे टोक म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. हे मूळचे इंग्रज. १५७९ साली जेझुइट म्हणून गोव्याला आले आणि मृत्यूपर्यंत तिकडेच राहिले. त्यांनी कोणाला इंग्रजी शिकविल्याचे दिसत नाही. उलट त्यांनीच मराठी आणि कोकणी शिकून १६१६ साली "क्रिस्तपुराण" हा ओवीबद्ध ग्रंथ छापला. कोकणीचे व्याकरणही त्यांनी रचले आणि ते त्यांच्या निधनानंतर १६४० साली प्रसिद्ध झाले. शिकवायला आलेला माणूस शिकतच राहिला, तर तो कुठवर जाऊ शकतो याचे हे उदाहरण होय.

बैलाचा धडा

आता प्रत्यक्ष इंग्रजीच्या वर्गात जाऊ. या बाबतीत सर्वांत गाजलेले नाव अलेक्झांडर डफ यांचे. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकलेले हे तरुण स्कॉटिश मिशनरी १८३० साली कलकत्त्याला पोचले. वाटेत आफ्रिकेच्या टोकाजवळ त्यांचे जहाज खडकावर आपटून फुटले आणि सोबतची सुमारे आठशे पुस्तके समुद्रात गेली. सारी विद्वत्ता पाण्यात गेल्यावर जे डोक्यात आणि हातात उरले तेवढ्यावर त्यांनी शाळा काढली. राजा राममोहन राय यांनी त्यांना जागा आणि पहिले विद्यार्थी मिळवून दिले.

त्यांच्या पहिल्या धड्याची हकिगत त्यांच्या चरित्रात आली आहे. वेगवेगळ्या पाट्यांवर अक्षरे लिहून त्यांनी ती मुलांना दाखविली. सगळी सव्वीस अक्षरे पाठ होईपर्यंत ते थांबले नाहीत. "ओ" आणि "एक्स" ही दोन अक्षरे शेजारी ठेवून "ऑक्स" हा शब्द केला आणि त्याचा देशी भाषेतील अर्थ सांगितला. मग प्रश्न सुरू झाले: हा प्राणी कसा असतो, त्याचा उपयोग काय, तो काय खातो? पहिल्याच दिवशी मुलांच्या हाती दोन अक्षरे, एक शब्द आणि एक संपूर्ण बैल आला! मुले हरखून गेली असे वर्णन आहे आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही. अक्षराला अर्थ चिकटला की ते विसरत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डफ हे इंग्रजी माध्यमाचे कट्टर पुरस्कर्ते होते. उच्च ज्ञान इंग्रजीतूनच द्यावे, असा त्यांचा आग्रह होता आणि त्या आग्रहाचे बरे-वाईट परिणाम आपण आजही भोगतो आहोत. विल्सन यांचा ओढा देशी भाषांकडे अधिक होता. परंतु कट्टर डफ यांनाही पहिल्या धड्यात मुलांच्या ओळखीचा बैल आणि मुलांच्या ओळखीची भाषा यांचा आधार घ्यावा लागला, हे महत्त्वाचे.

हेतूचा प्रश्न

आता ज्याला बगल देणार नाही म्हटले तो प्रश्न. हे सारे कष्ट कशासाठी होते? धर्मप्रसारासाठी होते आणि त्यांनी ते लपविलेही नाही. १८३९ साली विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मुंबईत मोठे काहूर उठले, प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी आपली मुले शाळेतून भराभर काढून घेतली. १८४३ साली श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाचे प्रकरण झाले. त्याला स्वधर्मात परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. इंग्रजी हवी, पण तिच्यासोबत येणारे सारेच नको, हा पेच आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता.

मला वाटते, यातून शिक्षकाने घ्यायचा धडा असा: विद्यार्थी आपल्यापाशी भाषेसाठी येतो, त्याची गरज हे आपले भांडवल होऊ नये. आजही जगात अनेक ठिकाणी तरुण मिशनरी इंग्रजीचे शिक्षक म्हणून जातात. ज्याला जे द्यायचे आहे ते त्याने उघड सांगावे आणि इंग्रजीचा तास इंग्रजीचाच ठेवावा, एवढी अपेक्षा कोणत्याही धर्माच्या शिक्षकाकडून करायला हरकत नाही.

त्याचबरोबर या शाळांतून काय निघाले, तेही पाहावे. महात्मा जोतीराव फुले यांचे मूळ गाव कटगुण, आपल्या शेजारच्या खटाव तालुक्यातले. ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. अहमदनगरला जाऊन त्यांनी फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि आपणही अशी शाळा काढावी या विचाराला बळ मिळाले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. जे घ्यायचे ते घेऊन त्यांनी स्वतःची वाट चोखाळली.

दोघी

सावित्रीबाई फुले यांचे माहेर नायगाव, म्हणजे सातारा जिल्ह्यातच. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि त्या शिक्षिका झाल्या. अहमदनगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या अध्यापनशाळेत त्यांनी शिकविण्याचे शिक्षण घेतले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. सातासमुद्रापलीकडून शिक्षिका म्हणून आलेल्या एका बाईची विद्या नायगावच्या लेकीच्या हाती आली आणि तिने ती मराठीतून, स्वतःच्या हेतूसाठी वापरली. प्रशिक्षणाचा याहून चांगला उपयोग कोणता?

दुसरी कहाणी आपल्या काळाला जवळची आहे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन तरुणी १९६१ साली हैदराबादला विवेकवर्धिनी महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यासाठी आल्या. त्या मिशनरी म्हणून आल्या नव्हत्या; पण परदेशी जाऊन इंग्रजी शिकविणाऱ्या तरुणीचे हे आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण. मराठीची गोडी लागून त्या भाषाशास्त्राकडे वळल्या. संशोधनासाठी त्यांनी आपल्या जिल्ह्यातील फलटण निवडले आणि फलटणच्या बोलीवर प्रबंध लिहून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. लेखिका जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके, व्याकरण आणि कोश तयार केले. १९७८ साली त्या भारतीय नागरिक झाल्या. फलटणच्या वस्त्यांतील मुले शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत, हे पाहून त्यांनी त्या मुलांना शिकवायला घेतले आणि त्यातूनच प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली.

इंग्रजी शिकवायला आलेली बाई शेवटी मराठी मुलांना मराठी वाचायला शिकवीत बसली, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले. त्यांनी इंग्रजीकडे पाठ फिरविली असे नव्हे. जे मूल स्वतःच्या भाषेत अर्थ लावून वाचू शकत नाही, ते परक्या भाषेत तो कोठून आणणार, एवढेच त्यांचे म्हणणे होते, असे मी समजते.

आजचे प्रशिक्षण

आज ही विद्या पुष्कळ आखीव झाली आहे. केनेथ पाइक हे मिशनरी भाषाशास्त्रज्ञ व्यासपीठावर एक भयंकर गंमत करून दाखवीत. ज्याच्या भाषेतला एकही शब्द आपल्याला येत नाही, असा माणूस समोर बसवायचा. मध्ये दुभाषी नाही. पाने, काटक्या अशा वस्तू पुढे करीत करीत थोड्याच वेळात त्या भाषेची उच्चारपद्धती आणि वाक्यरचना फळ्यावर मांडायची! फ्रँक लॉबाक हे फिलिपीन्समध्ये काम करणारे मिशनरी. "एकाने एकाला शिकवावे" हे साक्षरतेचे सूत्र त्यांनी जगभर नेले. ते आपल्या देशातही आले होते. इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ साली लंडनमध्ये अल्प मुदतीचा वर्ग सुरू केला. त्या परंपरेतून आलेला केंब्रिजचा अभ्यासक्रम सुमारे एकशे वीस तासांचा असतो आणि त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांपुढे शिकवून दाखवावे लागते. अशा काही वर्गांत होणाऱ्या शिक्षकांनाच प्रथम एखाद्या पूर्ण अनोळखी भाषेचा एक धडा देतात. आपल्याला काही कळत नाही, सारे आपल्याकडे पाहत आहेत, ही भावना शिक्षकाने एकदा तरी अनुभवावी, हा त्यामागचा हेतू.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर, मराठीचे बोट धरून इंग्रजी शिकली. पुढे पद्धती बदलत गेल्या. कधी रचनांवर भर, कधी संवादावर. पण कोणतीही पद्धत घ्या, समोरच्या मुलाला काय येते हे ठाऊक नसलेल्या शिक्षकाच्या हातात ती लंगडीच पडते.

पुन्हा वाडीवर

या वाचनानंतर मी पुन्हा त्या वाडीवर गेले. शिबिर संपले होते, मागे कोणी पाठविणारे नव्हते. आता दर रविवारी जाते. पहिल्या रविवारी मी मुलांना म्हटले, "आज तुम्ही मला शिकवा. बैलगाडीच्या भागांची नावे मला येत नाहीत." मुलांनी मला गाडीभोवती फिरवून जू, साटी, आरे, धाव असे एकेक दाखविले. मी दोनदा चुकले, मुले पोट धरून हसली आणि मग त्या रागावलाय का विचारणाऱ्या मुलाने बैलाच्या पाठीवर हात ठेवून विचारले, "ताई, ह्याला इंग्रजीत काय म्हणत्यात?" प्रश्न त्याचा होता. मी जमिनीवर काठीने दोन अक्षरे काढली.

फार मोठी प्रगती झाली असे मी सांगणार नाही. तीन मुले लहान वाक्ये वाचतात, बाकीची शब्दांवर आहेत आणि दोघे अजून मराठीच अडखळत वाचतात. त्यांच्याबरोबर मी मराठीच वाचते. विल्सन पती-पत्नींना हर्णैला सहा महिने लागले. मला वर्ष लागले तर बिघडले कोठे?

बी. एड. चा अर्ज मी भरला आहे. आणखी एक अर्ज आमच्या घरातून गेला आहे. दादाने दहावीच्या राहिलेल्या इंग्रजीच्या पेपरला पुन्हा बसायचे ठरविले आहे. रात्री टेंपो लावून आल्यावर तो अर्धा तास माझ्यापुढे बसतो. बाजारातल्या पावत्या, टेंपोच्या टायरवरची अक्षरे, खताच्या पोत्यावरच्या सूचना हेच सध्या आमचे पाठ्यपुस्तक आहे. परवा एका शब्दापाशी तो अडला आणि मी नकळत आवाज चढविला. त्याने वर पाहिले आणि शांतपणे विचारले, "ताई, रागावलाय का?"

आम्ही दोघेही हसलो आणि तो शब्द पुन्हा पहिल्यापासून घेतला.